गिझर हळू तापतोय? कॉइल बदलण्याआधी हे आकडे पाहा

पाणी तापायला वेळ लागू लागला की पहिला संशय कॉइलवर जातो. पण कॉइल सहसा एक तर चांगली असते, नाहीतर तुटलेली. ती हळूहळू ‘कमजोर’ होत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार बसला तरी तिचा रोध बदलत नाही. ती आतून जास्त तापते आणि लवकर तुटते, एवढेच. म्हणून आधी व्होल्ट आणि अँपिअर मोजून घ्या.

व्होल्ट ÷ अँपिअर = रोध (ओम)
व्होल्ट × अँपिअर = पॉवर (वॅट)

२३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.४ ओम. नव्या कॉइलमध्येही एक-दोन ओम इकडेतिकडे असतात.

बंद गिझरची तपासणी घरी करता येते. प्लग काढा, गिझरचे पाणी गार असू द्या (थर्मोस्टॅटने, म्हणजे पाणी तापले की लाइन तोडणाऱ्या स्विचने, लाइन तोडलेली नको), आणि मल्टिमीटर ओमवर ठेवून प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये मोजा. २००० वॅटच्या गिझरला २६ च्या आसपास आकडा आला तर कॉइल ठीक. काहीच दाखवले नाही तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कटआउट (गिझर जास्त तापला तर लाइन तोडणारा सुरक्षा स्विच) तुटलेला आहे. अर्थच्या पिनेशी मात्र काहीही जोडलेले दिसता कामा नये. दिसले तर गिझर वापरू नका.

चालू लाइनवरचे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) फक्त फेजच्या वायरभोवती लावायचा. पूर्ण केबलभोवती लावला तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो.

समजा, गिझर बंद असताना त्या लाइनवर २३२ व्होल्ट होते, चालू करताच २१८ झाले आणि करंट ८.२ अँपिअर आला. २१८ ÷ ८.२ = २६.६ ओम. कॉइलला हात लावायची गरज नाही. दोष त्या हरवलेल्या १४ व्होल्टमध्ये आहे: १४ ÷ ८.२ = १.७ ओम वाटेत कुठेतरी जास्तीचे आहेत आणि तिथे १४ × ८.२ = ११५ वॅट जळताहेत. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला २० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन ४० मीटर धरले तरी, जेमतेम ०.३ ओम रोध असतो. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या सर्किटवरही व्होल्टेज तितकेच पडत असेल तर गडबड मीटरकडच्या किंवा बाहेरच्या लाइनवर आहे. फक्त बाथरूमच्या लाइनवर पडत असेल तर सैल स्क्रू, काळवंडलेला सॉकेट किंवा बारीक वायर शोधा.

सैल जोड क्षुल्लक समजू नका. ०.३ ओमच्या एका जोडात ८.७ अँपिअरला २३ वॅट उष्णता तयार होते, जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये. एमसीबीला (करंट जास्त झाला की पडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचला) हे कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. गिझरला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

बाहेरूनच १९० व्होल्ट येत असतील तर पॉवर १९० × १९० ÷ २६.४, म्हणजे सुमारे १३६५ वॅटवर येते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८ मिनिटांऐवजी २७ मिनिटे लागतात. नव्या कॉइलने यात काही फरक पडणार नाही.

हा हिशेब गिझर, इस्त्री, हीटरसाठी आहे. पंपाच्या मोटरला तो लावू नका. तिथे व्होल्ट × अँपिअरला पॉवर फॅक्टरनेही (त्यातला किती भाग खरी पॉवर आहे हे सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे लागते आणि वाइंडिंगच्या ओमवरून करंट काढता येत नाही.

दुरुस्तीला फोन करताना गिझरवर लिहिलेले वॅट, थंड अवस्थेतले ओम आणि मोजले असल्यास बंद-चालूचे व्होल्ट सांगा. योग्य सामान घेऊनच आम्ही येऊ.