कोल्ड कॉफी (घरगुती)

भाजून दळलेल्या कॉफीचा अर्क किंवा इन्स्टंट कॉफी गार करून, बर्फासह, दूध घालून किंवा काळी घेतली जाते ते पेय. महाराष्ट्रातील घरांत उन्हाळ्यात होणारी कोल्ड कॉफी बहुधा इन्स्टंट कॉफी, साखर, थंड दूध आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवून केलेली, फेसाळ असते. बर्फावर गाळलेली काळी कॉफी, डिकॉक्शनची (फिल्टरमधून उतरवलेल्या दाट अर्काची) थंड फिल्टर कॉफी आणि रात्रभर गार पाण्यात भिजवलेली कोल्ड ब्रू हे प्रकार शहरी घरांत अलीकडे रुळले. यांतला कोणताही प्रकार घ्या, पेय दमदार होणार की पाणचट हे मुख्यतः एका हिशेबावर ठरते. बर्फ हा पेयातला घटक आहे. तो वितळून जितके पाणी होणार, तितके पाणी कॉफी काढतानाच कमी धरावे लागते. घरी फसलेल्या बहुतेक कोल्ड कॉफीत हाच हिशेब राहून गेलेला असतो.

इतिहास : थंड कॉफीच्या जुन्या नोंदींत अल्जीरियातील ‘माझाग्रान’चे नाव पुढे येते. १८४० मध्ये माझाग्रान येथील किल्ल्यात वेढले गेलेले फ्रेंच सैनिक कॉफीत गार पाणी मिसळून पीत, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. पोर्तुगालमध्ये याच नावाच्या पेयात लिंबू पिळतात. व्हिएतनाममध्ये रोबस्टा या कडक, कडवट जातीच्या कॉफीचा दाट अर्क कपावर ठेवलेल्या छोट्या धातूच्या गाळणीतून थेंब थेंब गाळतात आणि आटवलेल्या गोड दुधात मिसळून बर्फावर ओततात. ग्रीसमधील ‘फ्राप्पे’ १९५७ च्या थेसालोनिकी आंतरराष्ट्रीय मेळ्यात जन्मली. दिमित्रिस वाकोंदिओस यांनी गरम पाणी हाताशी नसल्याने इन्स्टंट कॉफी गार पाण्यात घुसळून पाहिली आणि वर घट्ट फेस आला.

भारतात कोल्ड कॉफीची ओळख कॉफी हाऊसनी करून दिली. मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये इंडिया कॉफी हाऊस सुरू झाले. पुढे केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाने अशी उपाहारगृहे बंद केल्यावर १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी ती चालवायला घेतली. त्यांच्या पदार्थांच्या यादीत कोल्ड कॉफी आजही असते. घरोघरी फ्रिज आणि मिक्सर आले तसे हे हॉटेलातले पेय घरात उतरले.

थंडाव्याने चवीत होणारा फरक : तापमान उतरले की जिभेला गोडवा कमी जाणवतो, आणि सुगंधी द्रव्ये हवेत कमी उडत असल्याने वासही मंदावतो. त्यामुळे गरम असताना बरोबर वाटणारी कॉफी गार झाल्यावर फिकी लागते. उरलेली गरम कॉफी फ्रिजमध्ये ठेवून दुपारी बर्फ घालून पिण्याची सवय पुष्कळ घरांत आहे, आणि तिथेच चव हातची जाते. कॉफी दीर्घकाळ गरम राहिली की तिच्यातील काही संयुगे फुटून क्विनिक आम्ल वाढते, सुगंध उडून जातो आणि मागे बोथट आंबट-कडूपणा राहतो. म्हणून थंड करायची कॉफी मुद्दाम दाट काढावी आणि शक्य तितक्या लवकर गार करावी.

बर्फावर थेट गाळणे : काळी थंड कॉफी आवडणाऱ्यांसाठी ही सर्वांत सरस पद्धत. जपानमध्ये ती विशेष रूढ झाल्याने जगभर जपानी पद्धत म्हणून ओळखली जाते. भांड्यात बर्फ ठेवतात, वर कागदी गाळणी लावलेला शंकू ठेवतात आणि नेहमीच्या ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने कॉफी काढतात. गरम पाण्यामुळे आम्लता आणि सुगंध दोन्ही अर्कात उतरतात. बर्फावर पडताच अर्क गार होत असल्याने ते उडून जात नाहीत.

प्रमाण असे धरावे : कॉफी २० ग्रॅम, गरम पाणी १८० ग्रॅम, बर्फ १२० ग्रॅम. पाणी आणि बर्फ मिळून ३०० ग्रॅम, म्हणजे कॉफीच्या पंधरापट. गरम काळ्या कॉफीचेही प्रमाण साधारण हेच असते. फरक इतकाच की त्यातले ४० टक्के पाणी इथे बर्फाच्या रूपात दिले आहे.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत. दळलेली कॉफी आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते. त्यामुळे १८० ग्रॅममधले ४० ग्रॅम चोथ्यात अडकते आणि १४० ग्रॅम अर्क खाली येतो. गाळणीतून उतरेपर्यंत त्याचे तापमान ८० अंशांच्या आसपास असते. तो शून्यावर आणायचा तर ११,२०० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल (एक कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता). एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी शोषतो, म्हणजे १२० ग्रॅम बर्फ ९,६०० कॅलरी शोषेल. फ्रीजरमधला बर्फ उणे १८ अंशांचा असतो आणि बर्फाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी, म्हणून शून्यावर येण्यासाठीच त्याला आणखी १,०८० कॅलरी लागतात. बेरीज १०,६८०. उरल्या ५२०, त्या २६० ग्रॅम पेयात वाटल्या की तापमान २ अंश येते. भांड्याची आणि हवेची उष्णता धरून प्रत्यक्षात ते थोडे वर राहील. थोडक्यात, बर्फ जवळजवळ सगळा वितळतो आणि कॉफी पिण्याजोगी गार होते. प्यायच्या पेल्यात मग ताजा बर्फ घालावा. कॉफी आधीच गार असल्याने तो सावकाश वितळतो.

पाणी कमी असल्याने अर्क पुरेसा निघण्यासाठी पूड नेहमीपेक्षा किंचित बारीक दळावी आणि पाणी घाई न करता तीन-चार वेळा ओतावे. पहिल्यांदा ४० ग्रॅम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबले की ताज्या भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पुढचे पाणी पुडीत नीट भिनते. स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा असणे या पद्धतीत महागड्या उपकरणांपेक्षा जास्त उपयोगी पडते. बर्फ पेल्याने किंवा तुकडे मोजून घेतला तर दोन साच्यांमधल्या तुकड्यांचे वजन दुप्पटही असू शकते.

बर्फ आणि पाणी : फ्रीजरमध्ये उघड्या ट्रेमध्ये राहिलेला बर्फ मासळीचा, आल्या-लसणाच्या वाटणाचा वास धरतो आणि काळ्या कॉफीत तो लपत नाही. झाकणाचा ट्रे वापरावा आणि बर्फ आठवडाभरात संपवावा. मोठा तुकडा वजनाच्या मानाने कमी पृष्ठभाग उघडा ठेवतो, म्हणून पेल्यात तोच बरा. कॉफी झटपट गार करायला मात्र लहान तुकडे चालतात. बाहेरून लादी आणायची असेल तर तिचा रंग पाहावा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम आहे. तसा बर्फ भांड्याबाहेरून थंडाव्यालाच वापरावा. बोअरवेलच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीची आम्लता मारून टाकते. उलट आरओ यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्षार फार कमी उरले तर चव सपक होते, कारण मॅग्नेशियम आणि कॅल्शियम अर्क उतरायला मदत करतात. नळाचे गाळून उकळलेले पाणी बहुतेक शहरांत पुरेसे चांगले असते.

डिकॉक्शनची थंड कॉफी : दुधाची कोल्ड कॉफी घरी करायची तर दाक्षिणात्य फिल्टरइतके सोयीचे साधन दुसरे नाही. पितळी किंवा स्टीलच्या दोन डब्यांच्या या फिल्टरला वीज लागत नाही, आणि त्यातून उतरणारे डिकॉक्शन इतके दाट असते की दूध आणि बर्फ दोन्ही पेलते. ३० ग्रॅम पुडीवर चकतीचा हलका दाब देऊन १५० मिलिलिटर उकळते पाणी ओतले की वीसेक मिनिटांत सुमारे ९० मिलिलिटर डिकॉक्शन उतरते. ते झाकून गार पाण्याच्या परातीत ठेवावे. दोन पेल्यांत प्रत्येकी ४५ मिलिलिटर डिकॉक्शन, १२० मिलिलिटर फ्रिजमधले दूध आणि ७० ग्रॅम बर्फ असे प्रमाण बसते.

बाजारातील फिल्टर पुडीत अनेकदा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ, असते. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरीत कॅफीन नसते, पण ती भाजलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, रंग गडद करते आणि डिकॉक्शनला दाटपणा देते. दुधाच्या थंड कॉफीत २० ते ३० टक्के चिकोरी शोभते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातही चिकोरीची थंड दूध-कॉफी आवडीने पितात, ती याच गुणामुळे. काळ्या थंड कॉफीत मात्र चिकोरी नको. तिचा जळकट गोडसरपणा एकटा पुढे येतो. काळ्यासाठी मध्यम भाजलेली अरेबिका (कॉफीची सौम्य, सुगंधी जात), म्हणजे प्लांटेशन ए किंवा पीबेरी या प्रतीची, घ्यावी. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी दमट हवेत मुरवलेली मॉन्सून्ड मलबार ही कमी आम्लतेची, जड अंगाची कॉफी दुधाबरोबर फार छान जुळते.

मिक्सरमधली कोल्ड कॉफी : एका मोठ्या पेल्याला इन्स्टंट कॉफी ४ ग्रॅम (दोन सपाट चमचे), गरम पाणी ३० मिलिलिटर, साखर १५ ग्रॅम, थंड दूध १५० मिलिलिटर, बर्फ ६० ग्रॅम. कॉफी आणि साखर आधी गरम पाण्यात विरघळवावी. पूड थेट गार दुधात टाकली तर गुठळ्या होतात आणि कच्चट वास राहतो. हेच मिश्रण अगदी थोड्या पाण्यात चमच्याने फेटले तर फिकट, घट्ट फेस तयार होतो. २०२० मध्ये दक्षिण कोरियातून ‘डाल्गोना’ या नावाने तो जगभर पसरला, पण फेटलेली कॉफी भारतीय घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून होत होती.

दुधाच्या निवडीकडे इथे नीट लक्ष द्यावे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के आणि अधिकही असतो. तापवून गार केलेले असे दूध साय न काढता मिक्सरमध्ये दोन मिनिटे फिरवले तर वर लोण्याचे कण तरंगू लागतात आणि टाळूला चिकटतात. ताक घुसळताना लोणी गोळा व्हावे म्हणून त्यात गार पाणी घालतात, त्यामागे जे कारण आहे तेच इथे नको असताना घडते: १० ते १५ अंशांना स्निग्धकण अर्धवट घट्ट असतात आणि घुसळल्यावर एकमेकांना धरतात. साय काढून दूध गाळून घ्यावे, ५ अंशांपर्यंत चांगले गार करावे आणि २० ते ३० सेकंदांत मिक्सर थांबवावा. फेस दुधातल्या प्रथिनांचा असतो. त्याला सायीची गरज नाही. दाटपणा हवाच असेल तर व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा घालावा आणि साखर निम्मी करावी.

कोल्ड ब्रू : जाड रव्याएवढी भरड दळलेली १०० ग्रॅम कॉफी ८०० मिलिलिटर गार पाण्यात १४ ते १६ तास भिजवून आधी मलमलीतून, मग कागदातून गाळतात. सुमारे ६०० मिलिलिटर दाट अर्क मिळतो. पिताना त्यात तितकेच पाणी, दूध किंवा बर्फ मिसळतात. गार पाण्यात आम्ले आणि कडू द्रव्ये कमी उतरतात, म्हणून चव गोलाईची, चॉकलेटकडे झुकणारी असते. मात्र फुलांचा, फळांचा सुगंधही मागे राहतो, आणि चांगली अरेबिका हाताशी असताना तो गमावणे मला पटत नाही. कॅफीन गार पाण्यातही भरपूर उतरते, त्यामुळे सौम्य चवीच्या भरात दोन पेले सहज जास्त होतात. पाश्चात्त्य कृतींत ‘खोलीच्या तापमानाला भिजवा’ असे लिहिलेले असते. ते नागपूर-अकोल्याच्या मे महिन्याला लागू नाही. भिजवण फ्रिजमध्येच ठेवावे. कॉफीचा सामू (pH, आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५ च्या आसपास असतो. घातक जिवाणूंना रोखायला तो ४.६ च्या खाली असावा लागतो, म्हणून कोल्ड ब्रूची बंद बाटली बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. फ्रिजमध्ये ती चार-पाच दिवस चांगली राहते.

साखर आणि जायफळ : गार पाण्यात साखर विरघळत नाही हा समज चुकीचा आहे. शून्य अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यातही १७५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर मावते; अडचण वेगाची आहे, म्हणून ती तळाशी बसते. समान वजनाच्या साखर-पाण्याचा साधा पाक करून बाटलीत ठेवावा. मराठी घरांतल्या गरम कॉफीत जायफळ-वेलची असते, ती थंड कॉफीलाही साजते. पण त्यांचे सुगंधी तेल गार दुधात नीट उतरत नाही आणि पूड वर तरंगते. पाक गॅसवरून उतरवताच त्यात किसलेले जायफळ आणि ठेचलेली वेलची घालून झाकण ठेवावे, दहा मिनिटांनी गाळावे. हा पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. पेल्याला २० ते ३० मिलिलिटर पुरतो, आणि त्यात निम्मे पाणी असते तेही बर्फाबरोबर हिशेबात धरावे.