हायड्रॉलिक क्लच : दोष व घरगुती दुरुस्ती

मोटारीचा क्लच द्रवाच्या दाबाने सोडवणारी यंत्रणा. मारुती ८०० सारख्या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत केबल जाते. इथे तिच्या जागी दोन सिलिंडर आणि त्यांना जोडणारी नळी असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरचा पिस्टन द्रव पुढे ढकलतो, गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन फोर्क नावाची तरफ हलवतो आणि तिने सरकलेले रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट इंजिनच्या चाकावर दाबून धरणाऱ्या तबकडीची) स्प्रिंग दाबून क्लच प्लेट मोकळी करते. वरचा पिस्टन १६ मिमी आणि खालचा १९ मिमी व्यासाचा असेल, तर जोर सुमारे १.४ पट होतो. पण खालचा पिस्टन तितकाच कमी सरकतो. अशा वेळी नळीत हवा शिरली की पेडलची बरीच धाव ती हवा दाबण्यातच जाते.

गिअर पडेना की ‘क्लच प्लेट गेली’ असे म्हणून थेट गिअरबॉक्स उतरवायची घाई होते. त्याआधीचे निम्मे निदान सीटवर बसूनच होते. प्रथम पेडलखाली मॅट अडकलेली नाही ना, ते पाहावे (हसू नये, असे होते). इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना पहिला अडतो आणि रिव्हर्स करकरतो, याचा अर्थ क्लच पुरता सुटत नाही. पेडल चार-पाच वेळा भराभर मारल्यावर गिअर पडला, तर नळीतली हवा किंवा पिस्टनवरचे झिजलेले रबर यांवर संशय घ्यावा. मोकळ्या सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून धरावे. काही सेकंदांनी गाडी हळूच पुढे सरकू लागली, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर दाब धरत नाही, असे बहुधा निघते. बाहेर गळतीचा थेंबही दिसत नाही. याउलट चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तेव्हा प्लेट घसरत असते आणि हायड्रॉलिक भाग बहुधा निर्दोष असतो.

टाकीतल्या द्रवाची पातळी खाली गेली की लोक वरून भरतात आणि विसरतात. पण क्लच प्लेट झिजली म्हणून ही पातळी घटत नाही. नेहमीच्या रचनेत उलट किंचित वाढते. टाकी ब्रेकशी सामाईक असेल तर पॅड झिजल्यानेही पातळी उतरते. तसे नसेल तर गळती शोधावीच. पेडलच्या वरच्या बाजूला, दांडा जिथे आत शिरतो तिथे, बोट फिरवावे. बोट ओले झाले तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. स्लेव्हच्या तोंडावरचे रबरी आवरण (बूट) उलटून आतही पाहावे.

बाजारात या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतात. ते तेल नव्हे, आणि या नावाने कित्येक रबरांचा घात केला आहे. इंजिन ऑइल पडले की रबर फुगते. टाकीच्या झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचा द्रवच वापरावा. तो हवेतली आर्द्रता शोषतो, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने उघडा राहिलेला डबा वापरू नये. रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा. रंग सोलून निघतो.

हवा काढायला दोन माणसे लागतात. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. स्लेव्हच्या निपलला (हवा काढण्यासाठीच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवावे. वरचा पेडल दाबून ‘धरलंय’ म्हणतो, खालचा रिंग पान्याने निपल अर्धा फेरा सैल करतो, बुडबुडे निघतात, निपल घट्ट होतो, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. ‘सोड’ ऐकण्याआधी पाय उचलला की हवा परत आत जाते. मधूनमधून टाकी भरत राहावे. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत आलेला द्रव पुन्हा वापरू नये.

एवढे करून पेडल दोन-चार दिवसांत पुन्हा बसले, तर किट (सिलिंडरच्या रबरांचा संच) किंवा अख्खा सिलिंडर बदलावा. आतली भिंत चरलेली असेल तर नुसते रबर टिकत नाही. बाहेर बसवलेला स्लेव्ह घरी बदलता येतो. काही गाड्यांत मात्र तो गिअरबॉक्सच्या घरातच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळू लागला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटही तेव्हाच पाहून घेतात.