रीफर वाघीण : प्रवासातील इंधन आणि देखरेख

रीफर वाघीण : नाशवंत माल ठरावीक तापमानात नेण्यासाठी बांधलेली, जाड उष्णतारोधक भिंतींची आणि स्वतःचे शीतयंत्र असलेली मालगाडीची वाघीण. प्रस्तुत नोंदीत तिच्या बांधणीपेक्षा तिच्या प्रवासाचा विचार जास्त केला आहे. शंभर-शंभर वाघिणींच्या मालगाडीत, जवळ कोणीही माणूस नसताना, हिच्या पोटातले इंजिन दिवसरात्र चालू राहते ते कसे, त्यात डिझेल कोण भरतो आणि ते वेळेवर पडले नाही तर काय होते, हा या नोंदीचा विषय. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढली. भाजीपाला आणि फळे पिकतात कॅलिफोर्नियात, खाणारी मोठी शहरे पूर्व किनाऱ्यावर, आणि मधले अंतर साडेचार-पाच हजार किलोमीटर. वाटेत वाळवंट आहे, बर्फाळ घाट आहेत, आणि प्रवास आठवड्याच्या घरात जातो.

पहिला प्रश्न असा पडतो की प्रत्येक वाघिणीला वेगळे इंजिन कशाला? राजधानी एक्स्प्रेसला पूर्वी जनरेटरचा डबा जोडत आणि त्यावर सगळ्या गाडीची वातानुकूलन यंत्रे चालत, तसे मालगाडीत का करत नाहीत? कारण प्रवासी गाडीचे डबे एकमेकांना धरून राहतात, मालगाडीच्या वाघिणी राहत नाहीत. आज एका गाडीत असलेली वाघीण उद्या यार्डात, म्हणजे गाड्या फोडण्या-जोडण्याच्या आवारात सुटते, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या गाडीला लागते. दोन वाघिणींमध्ये फक्त कपलिंग असते आणि ब्रेकच्या हवेचा एक पाइप. विजेची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्याची सोयच नाही. शेजारी कोळशाची उघडी वाघीण असेल किंवा सिमेंटची टाकी असेल. म्हणून रीफरला आपला गारवा आपणच तयार करावा लागतो.

इंजिन येण्याआधी हेच काम बर्फ करी, आणि वाटेत पुन्हापुन्हा काही तरी भरत राहण्याची शिस्त त्याच काळात बसली. शिकागोचा मांस व्यापारी गस्टाव्हस स्विफ्ट याने १८७८ मध्ये अँड्र्यू चेस या अभियंत्याकडून बर्फाची चांगली चालणारी वाघीण तयार करून घेतली. सुरुवातीला हा बर्फ थंडीत गोठलेल्या तळ्यांतून कापून साठवलेला असे. (अशाच तळ्यांचा बर्फ १८३४ मध्ये बॉस्टनहून जहाजाने मुंबईला आला होता, लाकडाच्या भुशात बांधून. मुंबईकरांनी बर्फ पाहिला तो अमेरिकेचा.) पुढे बर्फाचे कारखाने निघाले. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांनी १९०६ मध्ये पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस ही कंपनी स्थापन केली. १९०७ मध्ये तिचा कारभार सुरू झाला तेव्हा तिच्याकडे ६,६०० वाघिणी होत्या. कॅलिफोर्नियातील रोझव्हिल येथे तिचा प्रचंड मोठा बर्फ कारखाना उभा राहिला.

बर्फाच्या वाघिणीला दोन्ही टोकांना कप्पे असत आणि छताच्या चार कोपऱ्यांत चार झाकणे. दोन्ही कप्प्यांत मिळून साधारण पाच टन बर्फ मावे. गाडी बर्फाच्या धक्क्याला लागली की छताच्या उंचीला बांधलेल्या लांबलचक लाकडी फलाटावर माणसे तयार असत. साखळीवरून सुमारे १३५ किलोच्या लाद्या सरकत येत. माणसे आकडीच्या काठीने त्या झाकणापर्यंत ओढत, टोच्याने फोडत आणि खाली ढकलत. एका वाघिणीचे काम काही मिनिटांत उरकायचे, कारण मागे अख्खी गाडी उभी असे. ओल्या फळ्या, थंडीचा वारा, रात्रीची वेळ आणि पायांखाली बर्फाचा चुरा, अशी ही नोकरी होती. न्यूयॉर्कच्या फळवाल्याकडे जानेवारीत लेट्यूसचा ताजा गड्डा दिसे, त्यामागे वाटेतल्या अशा अनेक धक्क्यांवरच्या अनोळखी हातांचे कष्ट असत. कॅलिफोर्नियातून निघालेल्या वाघिणीत साधारण दिवसाला एकदा बर्फ भरावा लागे.

जास्त गारवा हवा असेल तर बर्फात मीठ घालत. घरी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ टाकतात, तीच ही युक्ती. मात्र खारे पाणी वाघिणीतून ठिबकत राही आणि रूळ, पुलांचे लोखंड खाऊन टाकी. त्यामुळे मांसाच्या वाघिणींना ते पाणी साठवण्याची आणि ठरावीक ठिकाणीच सोडण्याची सोय करावी लागली. हवा खेळती ठेवण्यासाठी पुढे पंखे आले. ते वाघिणीच्या चाकावर घासून फिरत. गाडी थांबली की पंखेही थांबत.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोठवलेल्या अन्नाचा, विशेषतः संत्र्याच्या आटवलेल्या रसाचा खप वाढला. त्याला उणे १८ अंश सेल्सिअस तापमान सतत लागते, आणि बर्फ-मिठाने ते भरवशाने साधत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डिझेल इंजिनाच्या वाघिणी आल्या आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बर्फाचे धक्के एकेक करून बंद पडले. बर्फाचा धक्का गेला आणि त्याच्या जागी डिझेलचा टँकर आला.

यांत्रिक वाघिणीच्या एका टोकाला जाळीदार झडपांची लहानशी खोली असते. तिच्यात डिझेल इंजिन आणि जनरेटर. जुन्या वाघिणींत दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक डेट्रॉइट डिझेल इंजिन पुष्कळ ठिकाणी दिसे. त्याचा एकसुरी आवाज यार्डात लांबून ओळखू येई. जनरेटरच्या विजेवर कॉम्प्रेसर, पंखे आणि बाष्पकावर (आतली हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) साचलेले हिम वितळवणारे तापक चालतात. थंडीत हेच यंत्र उलटे काम करते. माँटॅनाच्या कडाक्यात बाहेर उणे ३० असताना आतले बटाटे गोठू नयेत म्हणून ते ऊब देते. बर्फाच्या काळात यासाठी वाघिणीत कोळशाच्या शेगड्या ठेवत. रीफर म्हणजे ‘थंड वाघीण’ असा समज आहे तो अपुरा आहे. तिचे काम तापमान राखण्याचे आहे, मग बाहेर ऊन असो की हिम.

हे यंत्र माल गार करण्यासाठी नसते, गार असलेला माल गार ठेवण्यासाठी असते. शेतातून काढलेल्या भाजीत दिवसाची उष्णता असते. ती आधी शीतगृहात काढावी लागते. शिवाय फळे-भाज्या तोडल्यानंतरही श्वसन करतात आणि स्वतः उष्णता सोडतात. खोकी भिंतीला चिकटवून रचली, हवेला वाट ठेवली नाही, तर तापमापक बरोबर आकडा दाखवत असताना मधली खोकी सडतात. तापमानही मालागणिक वेगळे: लेट्यूसला शून्याच्या जरा वर, गोठवलेल्या मालाला उणे १८, आणि हिरव्या केळ्याला १३ अंशांच्या खाली नेले तर त्याची साल काळपट पडते आणि ते धड पिकतच नाही. सावदा-रावेरच्या केळी उत्पादकांना हे सांगायला नको.

मोठ्या यांत्रिक वाघिणीच्या तळाशी साधारण ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर डिझेलची टाकी असते. ताशी एक गॅलन जळाले असे धरले तर ती तीन आठवड्यांच्या आसपास पुरेल. पण हा हिशेब कागदावरचा. ॲरिझोनाच्या उन्हात गोठवलेला माल घेऊन चाललेली वाघीण आणि वसंतात कांदा घेऊन चाललेली वाघीण यांची भूक सारखी नसते. इंजिन सतत चालवायचे की गरजेपुरते सुरू-बंद होऊ द्यायचे, यानेही खप बदलतो. आणि खरा धोका प्रवासातला नसून थांबण्यातला असतो. वाघीण सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर पडून राहते, यार्डात गर्दी होते, माल घेणारा वेळेवर खाली करत नाही. डिझेल मात्र जळतच राहते.

पूर्वी या थांबण्यालाही एक व्यापारी कारण होते. कॅलिफोर्नियातून फळांची वाघीण पुष्कळदा गिऱ्हाईक ठरायच्या आधीच सुटे. ती शिकागोच्या दिशेने धावत असताना दलाल तारेने सौदा करी आणि वाटेतच तिचा मुक्काम बदले. अशा वाघिणीचा प्रवास किती दिवसांचा, हे निघताना कोणालाच माहीत नसे. म्हणून तिच्याबरोबरच्या कागदांत स्पष्ट सूचना लिहिलेल्या असत: किती तापमान राखायचे, बर्फ पुन्हा भरायचा की फक्त सुरुवातीला, झाकणे वाऱ्यासाठी उघडी ठेवायची का. प्रत्येक सेवेचा दर आणि जबाबदारी नाशवंत मालाच्या सामाईक दरपत्रकात बांधलेली होती. माल खराब झाला तर नुकसान कोणाचे, हे त्या कागदावर ठरे.

इंधन भरण्याचे प्रत्यक्ष काम यार्डात असे होते. गाडी उभी राहिली की कामगार रुळाच्या टोकाला निळी झेंडी किंवा निळा दिवा लावतो. अमेरिकेच्या संघीय नियमाप्रमाणे ही खूण असताना त्या वाघिणी हलवता येत नाहीत, आणि ज्यांनी ती लावली त्यांनीच ती काढायची. मगच टँकर रुळांमधल्या कच्च्या रस्त्याने आत शिरतो. कामगार एकेका रीफरजवळ थांबून टाकीवरचा मापक बघतो, नळी ओढतो आणि भरतो. टाकी भरेपर्यंत तो कान आणि डोळे उघडे ठेवतो: इंजिनाचा आवाज नेहमीसारखा आहे का, धूर काळा येतो का, खाली तेल गळते आहे का, आतले तापमान ठरल्याप्रमाणे आहे का. डिझेल भरणे ही त्या वाघिणीची रोजची नाडी बघण्याचीही वेळ असते. दीड किलोमीटर लांबीच्या गाडीत रीफर विखुरलेल्या असतील तर हे काम तासन्‌तास चालते.

डिझेल संपले आणि उशिरा भरले, तर नुसते भरून भागत नाही. पाइपात हवा धरते. शेतावर डिझेलचा पंप चालवलेल्या कोणालाही हे माहीत आहे: टाकी भरली तरी एअर काढल्याशिवाय इंजिन घेत नाही. एक बोल्ट सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत वाट बघायची, बोल्ट आवळायचा. तोवर सुरू करण्याच्या प्रयत्नांत बॅटरी उतरलेली असते. हे सगळे भर हिवाळ्यात रात्री दोन वाजता करावे लागले तर बोटे वळत नाहीत. कडक थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होतो, म्हणून उत्तरेत हिवाळी डिझेल वापरतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मध्य-पश्चिमेत कॉटनवुडच्या झाडांचा कापूस हवेत उडतो आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांवर थर धरतो. यंत्र चालूच राहते, डिझेलही जळते, पण उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी उत्तम उपाय म्हणजे ब्रश.

इंजिनाशिवाय भागवण्याचे प्रयत्नही झाले. फ्लॉरिडातील ब्रॅडंटनहून न्यू जर्सीतील कर्नीला संत्र्याचा रस नेणारी ट्रॉपिकाना या रस कंपनीची खास गाडी जून १९७१ मध्ये सुरू झाली. ती सुमारे २,००० किलोमीटरचा प्रवास नुसत्या उष्णतारोधक वाघिणींवर करी. रस आधीच गार, वजन प्रचंड आणि गाडी कोठे रेंगाळत नसे, म्हणून हे जमले; तरीही उन्हाळ्यासाठी पुढे लहान शीतयंत्रे बसवावी लागली. दुसरी पद्धत द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची: वाघिणीच्या छताखालच्या कप्प्यात तो फवारला की त्याचा बर्फ होतो आणि हळूहळू गोठवलेला माल राखतो. इंजिन नाही, डिझेल नाही. पण तो संपला की वाटेत भरण्याची सोय सहज मिळत नाही, आणि ताज्या भाजीला इतकी थंडी चालत नाही.

रस्ते सुधारले तसा हा धंदा रेल्वेच्या हातून निसटला. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस १९७८ मध्ये दोन मालक कंपन्यांत वाटली गेली. ट्रकचालक आपल्या शीतयंत्राशेजारीच बसलेला असतो. बिघाड झाला तर त्याला लगेच कळते आणि पुढच्या पंपावर डिझेल मिळते. रेल्वेची उणीव नेमकी येथे होती. तिचे इंधन स्वस्त पडे, एका वाघिणीत तीन-चार ट्रकांचा माल मावे, पण नजर ठेवायला माणूस नव्हता. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथून न्यूयॉर्क राज्यात रेलेक्स या कंपनीने फक्त रीफरच्या सलग गाड्या सुरू केल्या. दोन्ही टोकांना शीतगृहे, मध्ये यार्डात फोडाफोड नाही. ही व्यवस्था २०१७ मध्ये युनियन पॅसिफिकने विकत घेतली आणि २०२० मध्ये साथीच्या काळात माल घटल्यावर ती बंद झाली.

नव्या वाघिणींत उपग्रहाद्वारे किंवा मोबाइल जाळ्यातून संदेश देणारी पेटी असते. वाघीण कोठे आहे, आत किती अंश आहे, टाकीत किती डिझेल उरले, हे शेकडो किलोमीटरवरच्या पडद्यावर दिसते, आणि तापमान तेथूनच बदलता येते. रेल्वेची जुनी उणीव यामुळे बरीच भरून निघाली. मापक खाली आला की पुढच्या यार्डाला आधीच कळवतात. टँकर आणि निळी झेंडी मात्र तशीच आहे.

महाराष्ट्रातून ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरला पहिली किसान रेल सुटली. तिचा भर शीतकरणापेक्षा वेगावर होता. नाशिकची निर्यातीची द्राक्षे मुख्यतः ट्रेलरवरच्या रीफर कंटेनरमधून बंदरावर जातात. कंटेनरला वाटेत डिझेल जनरेटर जोडतात आणि बंदरात पोचल्यावर प्लग लावतात.

अमेरिकेत माल उतरल्यावर रिकामी रीफर पश्चिमेला परत निघते. तेव्हा तिचे इंजिन बंद असते, कारण रिकाम्या हवेला गार ठेवण्यात अर्थ नाही. भरण्याच्या ठिकाणी पोचल्यावर तिचे आतले अंग धुतात, सांडपाण्याची छिद्रे मोकळी करतात, दारांचे रबर तपासतात, फिल्टर बदलतात आणि टाकी काठोकाठ भरतात. मग माल चढवण्याच्या काही तास आधी दारे लावून यंत्र सुरू करतात आणि भिंती, जमीन, छत गार होऊ देतात.