कडक डोहाळ्यांमागचं संप्रेरक

फोडणीच्या वासाने सून मोरीकडे धावली की घरातल्या बायका कौतुकाने म्हणतात, ‘हिला डोहाळे फार कडक लागलेत.’ पण आठ-दहा दिवस पाणीही पोटात ठरेनासं झालं, की सूर बदलतो: ‘आम्हाला काय पोरं झाली नाहीत?’ हे ऐकून गप्प बसणाऱ्या मुली पाहिल्या की जीव तुटतो. म्हणून आधी कारण सांगते.

गर्भ आणि वार जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक तयार करतात. ते आईच्या रक्तातून मेंदूच्या मागच्या भागात पोहोचतं आणि तिथून मळमळ सुरू होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजचे संशोधक स्टीफन ओ’राहिली, अमेरिकेच्या मार्लेना फेझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं, की या संप्रेरकाची शरीराला आधीपासून किती सवय आहे, यावरही बरंच ठरतं. एरवी ते कमी असेल, तर गरोदरपणातली वाढ सोसत नाही. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते कायमच भरपूर असतं. त्यांना मळमळ क्वचितच होते. फेझो यांनी स्वतः १९९९ मध्ये गरोदरपणातल्या अशाच टोकाच्या उलट्यांच्या आजारात बाळ गमावलं होतं.

बहुतेकींचा त्रास सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि सोळा ते वीस आठवड्यांत ओसरतो. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, म्हणून उशाशी कुरमुरे किंवा खाकरा ठेवा आणि अंथरुणातून उठण्याआधीच दोन घास खा. गरम जेवणाचा वास जास्त येतो. गार दहीभात सोसतो. आल्याचा थोडा उपयोग होतो. पाणी घोटघोट प्या. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल, तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा.

औषधाची भीती मी समजू शकते. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेल्या आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळांना जन्मजात व्यंगं आली. पण डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची जोडगोळी अनेक दशकं तपासली गेली आहे. डॉक्टरांनी ती दिली, तर जरूर घ्या.

दिवसभरात काहीच ठरलं नाही, लघवी गडद किंवा अगदी कमी झाली, उभं राहताना चक्कर आली, वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्या बरेच दिवस चालू असतील, तर ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सोबत जाणाऱ्याने नीट सांगावं: किती दिवस झाले, दिवसातून किती वेळा उलटी होते, शेवटचं पाणी कधी ठरलं. तिच्या अंगात तेवढं बोलायचंही त्राण नसतं.