साडी नेसणारे स्कॉट आणि आपण

पावसाळ्यात बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी चढू लागलं, की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजवा धरणाचा बांध फुटतो. जवळजवळ दर वर्षी फुटतो. सोबत कुठल्या तरी परदेशी धरणाचा व्हिडिओ, आणि खाली ‘आला तसा पाठवला’. मग दांडिया बाजारात भेटल्यावर कुणीतरी म्हणतंच, “अडाणी लोक, दुसरं काय!” पण पाठवणाऱ्यांत निवृत्त इंजिनिअर असतात, बँकेतले अधिकारी असतात, एम.एस्सी. झालेले तर हमखास असतात.

अफवेला अडाणीपण लागतं, हा समज विद्यापीठांतल्या प्रयोगांनी कधीच मोडीत काढला आहे. खोट्या बातम्यांवर आज ढीगभर संशोधन होतं, पण मला त्यातलं सगळ्यात आवडणारं सूत्र 1977 सालचं आहे, म्हणजे व्हॉट्सअॅपच्या कितीतरी आधीचं. लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावलं. दर वेळी 60 विधानं ऐकवायची, आणि विधान किती खरं वाटतं त्याला 1 ते 7 गुण द्यायचे. ‘बास्केटबॉल 1925 साली ऑलिम्पिकमध्ये आला’ अशा धर्तीची विधानं. (आला 1936 साली. 1925 मध्ये तर ऑलिम्पिकच नव्हतं.) यातली 20 विधानं तिन्ही बैठकांत तीच होती. त्यांचे सरासरी गुण 4.2 वरून 4.6 आणि मग 4.7 झाले. एकदाच ऐकवलेल्यांचे वाढले नाहीत. पुरावा कुणीच दिला नव्हता, आणि विधान खरं आहे की खोटं यानेही फरक पडला नाही.

असं का व्हावं? डोळ्यासमोर आलेलं वाक्य समजून घ्यायला मेंदूला थोडी मेहनत पडते. दुसऱ्यांदा ती कमी पडते, कारण रोजच्या जिन्यावर अंधारातही पाय बरोबर पडावा तशी वाट आधीच ठाऊक झालेली असते. हे सोपं जाणं आपल्याला जाणवतं. मात्र ते कशामुळे सोपं गेलं हे मेंदू नोंदवून ठेवत नाही. ‘सहज पटलं’ आणि ‘आधी ऐकलं होतं’ या दोन गोष्टींची तिथे सरमिसळ होते. रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी 1999 मध्ये तर कोणतंही वाक्य पुन्हा दाखवलंच नाही. ‘ओसोर्नो चिलीमध्ये आहे’ यासारखी वाक्यं पांढऱ्या पडद्यावर काही ठळक रंगांत, काही फिक्या रंगांत दाखवली, एवढंच. ठळक अक्षरांतली वाक्यं खरी म्हणण्याकडे कल किंचित जास्त निघाला. म्हणजे डोळ्यांचे श्रम वाचले तरी खरेपणाचं पारडं थोडं झुकतं.

इथे एक रास्त शंका येते. हे सगळं आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींबाबत. माहितीतल्या विषयात कोण फसेल? लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी 2015 साली नेमकं हेच तपासलं. त्यांचं एक वाक्य आपल्याला हसवेल: ‘स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या आखूड, चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात.’ त्याला किल्ट म्हणतात हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाही हे वाक्य दुसऱ्यांदा दिसल्यावर जास्त खरं वाटलं!

आता थोडं गणितात शिरू. संशोधकांपुढे दोन प्रारूपं होती. पहिल्यात माणूस आधी स्मरणात उत्तर शोधतो. सापडलं तर तेच देतो, नाही सापडलं तरच ‘सोपं वाटतंय का’ या खुणेवर विसंबतो. दुसऱ्यात क्रम उलटा: आधी ती सोपेपणाची खूण, आणि ती उमटली नाही तरच ज्ञानाकडे धाव. प्रत्येक प्रारूप म्हणजे पायरीपायरीला फांद्या फुटणारं एक झाड समजायचं, प्रत्येक पायरीला एक संभाव्यता द्यायची, उत्तरं कोणत्या फांदीवर किती पडली ते मोजायचं, आणि कुठलं झाड आकड्यांशी जुळतं ते पाहायचं. दुसरं जुळलं. ज्ञान डोक्यात असतं, पण पुष्कळदा त्याला विचारलंच जात नाही.

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, तेव्हा देवळांपुढच्या रांगांत पृष्ठताण शिकलेले पदवीधर काय कमी होते? चमच्याच्या कडेचं दूध दगडाला टेकताच ओढलं जातं आणि पातळ थर होऊन ओघळतं, हे शाळकरी विज्ञान. पण फोनवर फोन येत होते, आणि चौथा फोन येईपर्यंत बातमी ‘सगळीकडची’ झालेली होती.

पुन्हा ऐकल्याने खरं वाटण्याच्या या परिणामाला सीमा आहे. गॉर्डन पेनिकुक, टायरोन कॅनन आणि डेव्हिड रँड यांना 2018 मध्ये दिसलं की ‘पृथ्वी अगदी चौरस आहे’ असलं वाक्य पुन्हा दाखवूनही खरं वाटत नाही. बडोद्यात मात्र ही चाळणी फारशी कामाची नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी खरोखरच वस्तीत शिरल्या होत्या. जुन्या पुरातला मगरीचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून आला, तर त्यात अशक्य असं काय दिसणार?

खोटं पसरतंही वेगाने. एमआयटीच्या तिघांनी ट्विटरवरच्या 2006 ते 2017 मधल्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या; खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता 70 टक्के जास्त आढळली. दोष आपोआप चालणाऱ्या ‘बॉट’ खात्यांचा म्हणावा, तर ती खरं-खोटं सारख्याच वेगाने पसरवत होती. उपाय म्हणून ‘खोटी बातमी ओळखायचं एक तासाचं प्रशिक्षण द्या’ असं आपल्याकडे उत्साहाने सुचवलं जातं. सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये 1,224 जणांवर हाच प्रयोग केला. एकंदरीत ठळक फरक पडला नाही.

खुलाशांचं काय? नाडिया ब्रॅशियर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मथळ्यांवर ‘खरं’ किंवा ‘खोटं’ ही चिठ्ठी कधी वाचण्याआधी, कधी वाचताना, कधी वाचून मत दिल्यावर दाखवली, आणि आठवड्याने पुन्हा विचारलं. आधी दाखवलेल्या चिठ्ठीने चुका 5.7 टक्क्यांनी घटल्या, वाचतानाच्या चिठ्ठीने 8.6, नंतरच्या चिठ्ठीने 25.3. आपलं मत देऊन बसल्यावर उत्तर कळलं, की ते जास्त टिकतं असं दिसतं. आपल्याकडच्या खुलाशांत मात्र चित्रावर लाल शिक्का आधीच मारून मगच ते पाठवायची पद्धत आहे, म्हणजे ती वाचतानाचीच चिठ्ठी, नंतरच्या चिठ्ठीपेक्षा बरंच कमी फळ देणारी.