पर्ससीनचा आदेश आणि त्याआधीची पस्तीस वर्षे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पर्ससीन मासेमारीला आज जे निर्बंध आहेत, त्यांचा पाया ५ फेब्रुवारी २०१६च्या शासन आदेशात आहे. नवा परवाना द्यायचा नाही. असलेले ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२वर आणि शेवटी १८२वर आणायचे. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचा आकार, २५ मिलिमीटरपेक्षा लहान नको. हंगाम फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि राज्याच्या उत्तर टोकाच्या झाईपासून मुरुडपर्यंतच्या पट्ट्यात पर्ससीन मुळीच नाही. हा आदेश निघायला १९८१चा सागरी मासेमारी कायदा झाल्यापासून पस्तीस वर्षे का लागली, आणि आदेश निघाल्यावरही मालवणपासून पालघरपर्यंत तक्रारी का थांबल्या नाहीत, हे समजायला आधी जाळे समजून घ्यावे लागते.

मासळीचा थवा दिसला की पर्ससीन नौका त्याला गोल वळसा घालत जाळे सोडते. वरच्या कडेला तरंगणारे बोये, खालच्या कडेला वजने आणि कड्या. कड्यांतून ओवलेला दोर विंचने ओढला की जाळ्याचा तळ बटव्यासारखा आवळला जातो आणि तारली, बांगड्याचा अख्खा थवा आत अडकतो. रापण हे पारंपरिक जाळे याच्या उलट. होडीतून जाळे अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. रापणकर थव्याच्या मागे जाऊ शकत नाही, थवा किनाऱ्याकडे यावा लागतो. तो बाहेरच उचलला गेला तर रापण रिकामी येते आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा बुडतो. दोघांची मासळी एकच, म्हणून हा वाद केवळ अंतर आखून मिटत नाही.

यांत्रिक मासेमारीला सुरुवातीला प्रोत्साहन मिळाले ते सरकारकडूनच. पन्नासच्या दशकात केरळमध्ये भारत-नॉर्वे प्रकल्प आला, पुढे कोळंबीच्या निर्यातीमुळे ट्रॉलर, म्हणजे जाळे मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका, वाढले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात पर्ससीन व्यापारी पातळीवर आले. त्याच दशकात गोव्यात रापणकार ट्रॉलरविरुद्ध संघटित झाले. केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीच्या कामातून सागरी मासेमारीच्या नियमनाचे नमुना विधेयक तयार झाले आणि ते राज्यांकडे गेले. केंद्राने स्वतः कायदा न करता नमुना पाठवला, कारण राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे आणि जलधिक्षेत्राबाहेरची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रपट्ट्यापलीकडची, मासेमारी केंद्राच्या सूचीत. १९७६च्या कायद्याने जलधिक्षेत्र १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर ठरले. राज्याचा हात तेथपर्यंतच पोचतो.

केरळ आणि गोव्याने १९८०मध्ये कायदे केले, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. पारंपरिक मच्छीमारांच्या हिताचे रक्षण, मत्स्यसाठ्याचे जतन आणि समुद्रावरची कायदा-सुव्यवस्था या कारणांसाठी सरकार सल्लागार समितीशी विचारविनिमय करून एखाद्या भागात, एखाद्या हंगामात, एखाद्या जाळ्याला मनाई करू शकते. केरळने याच धर्तीवर पर्ससीनला घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात वैध ठरवली. म्हणजे महाराष्ट्राकडे अधिकाराची उणीव कधीच नव्हती. सुरुवातीचे आदेश मात्र मुख्यतः ट्रॉलरपुरते होते. पाच ते दहा वाव पाण्याच्या आत ट्रॉलिंग नको, असे त्यांचे स्वरूप. (एक वाव म्हणजे सहा फूट.) पर्ससीनची संख्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाढत गेली तेव्हा तिला बांधणारा एकसंध नियम नव्हता. अखेर भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा अहवाल २०१२मध्ये आला, आणि त्यावरचा निर्णय चार वर्षांनी.

आदेशाचा खरा कस लागला तो दंडाच्या कलमाशी. मूळ कायद्यात दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीवर बेतलेला होता: किंमत हजार रुपये किंवा अधिक असेल तर तिच्या पाचपट, त्याहून कमी असेल तर जास्तीत जास्त ५,००० रुपये. आता प्रत्यक्ष कारवाई बघा. गस्तीनौकेने नौका पकडायची, बंदरात आणायची, मासळी नाशिवंत म्हणून तिचा ताबडतोब लिलाव करायचा, आणि प्रतिवेदन तहसीलदारांपुढे दाखल करायचे. जाळे ओढण्याआधीच नौका सापडली तर मासळीच नाही, म्हणून दंड नगण्य. लिलावात भाव पडला तर दंडही पडतो. शिवाय तहसीलदारांकडे महसुलाचा गाडा आधीच भरलेला, त्यात समुद्रावरची ही प्रकरणे मागे राहत. एका चांगल्या खेपेत लाखोंची मासळी मिळत असेल, तर असा दंड डिझेलसारखा खर्चात धरला जातो. माझ्या मते आदेश आणि दंड यांच्यातली ही दरी २०१६मध्येच बुजवायला हवी होती.

ती बुजली २०२१च्या दुरुस्तीने. निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आला आणि दंड मासळीच्या किमतीपासून सोडवला गेला. विनापरवाना पर्ससीन किंवा तसेच गोल घेरणाऱ्या रिंगसीन जाळ्यासाठी पहिल्या वेळी १ लाख, दुसऱ्यांदा ३ लाख, तिसऱ्यांदा ६ लाख. एलईडी दिवे लावून मासेमारी केल्यास ५, १० आणि २० लाख. एलईडीला वेगळे वजन मिळाले ते योग्यच आहे. रात्री प्रखर प्रकाशाने मासळी लांबून ओढली जाते आणि थवा येण्याची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्येच १२ मैलांपलीकडे एलईडी आणि जोडट्रॉलिंगवर (दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्यावर) बंदी घातली होती.

१२ मैलांच्या रेषेचा पेच मात्र शिल्लक राहिला. पर्ससीनधारकांचे म्हणणे, रेषेपलीकडे राज्याचे नियम लागू नाहीत. पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे, नौका बाहेर जायला आणि माल उतरवायला राज्याच्याच पाण्यातून येते आणि जाळे कुठे टाकले याचा पुरावा कुणाकडेच नसतो. तमिळनाडूच्या पर्ससीनबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये अंतरिम वाट काढली: जलधिक्षेत्राबाहेर पर्ससीन चालेल, पण फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. दिवस आणि वेळ ठरवून दिल्याने तपासणी जेटीवरच करता येते. नौका कधी सुटली आणि कधी परतली, हे पाहायला समुद्रात जावे लागत नाही.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे १२ मैलांपलीकडच्या भारताच्या हक्काच्या समुद्रासाठी, स्वतंत्र नियम काढले. तेथे मासेमारी करणाऱ्या यांत्रिकी नौकांना आता प्रवेशपत्र लागते, पारंपरिक आणि लहान नौकांना त्यातून सूट आहे. राज्याच्या बाजूने जानेवारी २०२५पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू झाली. त्याआधी २०२३मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान ठरले. त्याच वर्षी राज्य मासा म्हणून घोषित झालेल्या सिल्व्हर पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. मासळी कोणत्या पाण्यात आणि कोणत्या जाळ्याने पकडली हा वाद या नियमाला आड येत नाही. लिलावाच्या जागी टोपलीतला मासा पट्टीवर ठेवला की पुरते. त्यासाठी प्रत्येक मोठ्या बंदरावर पहाटेच्या लिलावाला विभागाचा माणूस हजर लागतो.