शाळेचा कस आणि सोडतीत हुकलेली मुले

एखादी चार्टर शाळा खरोखर चांगली आहे का, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या शाळेत कधीच न बसलेल्या मुलांकडे असतो. त्यांच्या आईवडिलांनी अर्ज भरला होता, पण सोडतीत त्यांचा नंबर लागला नाही. शाळेच्या माहितीपत्रकात या मुलांचा उल्लेख नसतो आणि संकेतस्थळांवरच्या गुणांकनातही नसतो. तरीही गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेतल्या शाळांबद्दल जे काही खात्रीने कळले, त्यातला मोठा भाग त्यांच्यामुळे कळला.

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे असलेली शाळा. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा सुरू झाली. आज या शाळांत सदतीस लाखांच्या आसपास मुले शिकतात. शाळेला काही वर्षांचा करार मिळतो. निकाल दाखवता आले नाहीत तर करार वाढवला जात नाही आणि शाळा बंद होते. बहुतेक ठिकाणी प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सहसा सोडत काढली जाते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी दरवर्षी निघणारी सोडत ज्यांनी श्वास रोखून पाहिली आहे, त्यांना त्या दिवसाची घालमेल वेगळी सांगायला नको.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणारी मराठी जोडपी मूल पाच वर्षांचे व्हायच्या आतच शाळांचे आकडे चाळू लागतात. घर शोधण्याच्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळांचे दहापैकी गुण छापलेले असतात. या गुणांमागे एक मोठा प्रश्न असतो: राज्याच्या वार्षिक चाचणीत किती टक्के मुले ठरलेल्या पातळीच्या वर आली? हा आकडा खोटा नसतो, पण त्यातून आपल्याला हवे ते उत्तर मिळत नाही. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने लाखो विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखवून दिले की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी जास्त जुळतो. ज्या शाळेत डॉक्टर-इंजिनीअरांची मुले येतात, तिथे नव्वद टक्के मुले पातळी गाठतात. ती शाळेमुळे गाठतात की शाळा असूनही, हे त्या नव्वदमधून कळत नाही. शाळेने काय केले यापेक्षा शाळेच्या दारातून कोण आत आले, हेच तो आकडा जास्त सांगतो.

चार्टर शाळेच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. दोन कुटुंबांचे उत्पन्न, वंश, भाषा, वस्ती सगळे सारखे असले, तरी एकाने अर्ज भरला आणि दुसऱ्याने नाही. अर्ज भरणाऱ्याने शाळेची चौकशी केली, मुदत लक्षात ठेवली, रोजची ने-आण कशी जमवायची याचा विचार केला. ही तळमळ कोणत्याही सरकारी तक्त्याच्या रकान्यात बसत नाही, पण मुलाच्या अभ्यासावर तिचा परिणाम होतोच.

मग एक सुधारणा सुचली: मूल कुठे आहे हे न पाहता ते वर्षभरात किती पुढे गेले ते पाहावे. ही कल्पना खूपच चांगली आहे. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या सुमारे अकरा हजार शालेय जिल्ह्यांचे (म्हणजे स्थानिक सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या विभागांचे) निकाल एका मापावर आणून तपासले, तेव्हा सरासरी गुण आणि प्रगतीचा वेग यांचा संबंध अगदी सैल निघाला. शिकागोची तिसरीतली मुले देशाच्या सरासरीपेक्षा बरीच मागे होती, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत त्यांनी सहा वर्षांएवढी मजल मारली. नुसते गुण पाहणाऱ्याने हे शहर यादीतून केव्हाच वगळले असते.

प्राथमिक शाळेपाशी मात्र ही पद्धतही अडते, आणि याची चर्चा पालकांमध्ये फारशी होत नाही. संघराज्याच्या कायद्याने सक्तीच्या वार्षिक चाचण्या तिसरीपासून सुरू होतात. किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचे एक वर्ष) ते पाचवी ही सहा वर्षे धरली, तर पहिली तीन वर्षे या चाचण्यांत दिसतच नाहीत, आणि प्रगती मोजायला दोन चाचण्या लागत असल्याने ती थेट चौथीपासून मोजली जाते. अक्षरओळख, आवाज आणि अक्षर यांची सांगड, सलग वाचन, संख्यांची जाण हे सगळे तोवर होऊन गेलेले असते. परिणाम असा होतो की जी शाळा पहिल्या तीन वर्षांत मुलांना उत्तम वाचायला शिकवते, तिची मुले तिसरीतच वर असतात. तिथून पुढची वाढ साधारण असली, तर प्रगतीच्या तक्त्यात ती शाळा मध्यम दिसते. जिने सुरुवातीची वर्षे वाया घालवली आणि चौथी-पाचवीत कसून तयारी करून घेतली, ती चमकते. प्राथमिक शाळेच्या प्रगतीच्या आकड्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक पालकाने हे ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

प्रगतीच्या मोजणीत आणखी एक खोच बर्कलीचे अर्थतज्ज्ञ जेसी रॉथस्टाइन यांनी दाखवली. नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदींवर त्यांनी प्रचलित सूत्रे लावून पाचवीच्या शिक्षकांचा चौथीच्या प्रगतीवर किती परिणाम होतो ते काढले. उत्तर शून्य यायला हवे होते, कारण पुढच्या वर्षीचा शिक्षक मागच्या वर्षी काही शिकवू शकत नाही. पण परिणाम चांगला ठळक निघाला. याचा अर्थ, मुले वर्गांत सहज वाटली जात नाहीत. कोणाला कोणता वर्ग मिळतो, यामागे आधीच काही कारणे असतात आणि ती सूत्रात पुरती पकडली जात नाहीत.

म्हणून पुन्हा सोडतीकडे यावे लागते. सोडतीत नाव लागलेले आणि न लागलेले, दोन्ही गट अर्ज करणारेच. तळमळ दोन्हीकडे, हुशारीचे आणि अडचणींचे प्रमाणही सरासरीने तेच. फरक फक्त नशिबाचा. औषधाची परीक्षा घेताना रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडतात, तसेच हे आपोआप घडलेले असते. त्यातही काळजी घ्यावी लागते. ज्यांची भावंडे आधीच शाळेत आहेत त्यांना अग्रक्रम असतो, म्हणून त्यांना मोजणीतून बाजूला काढतात. नंबर लागूनही काही मुले जात नाहीत, आणि हुकलेल्यांपैकी काहींना पुढे प्रतीक्षायादीतून जागा मिळते. अशा वेळी प्रत्यक्ष कोण गेले यावरून गट पाडले तर पुन्हा तळमळीचा फरक शिरतो. म्हणून तुलना सोडतीच्या निकालावरून करतात आणि नंतर किती जण खरोखर गेले त्या प्रमाणात उत्तर वाढवून घेतात. हे गणित पक्क्या पायावर उभे करणाऱ्या जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना २०२१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

अँग्रिस्ट यांच्याच गटाने मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या केआयपीपी शाळेची सोडत तपासली. केआयपीपी हे चार्टर शाळांचे एक मोठे जाळे आहे. लिनची ही पाचवी ते आठवीची शाळा. तिथल्या प्रत्येक वर्षामागे मुलांचे गणिताचे गुण साधारण ०.३५ प्रमाण विचलनाने वाढत होते. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध असलेले मूल एका वर्षात सुमारे चौदा जणांना मागे टाकते. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा परिणाम क्वचित सापडतो. वाचनातली वाढ याच्या साधारण एक तृतीयांश होती. लहान वर्गांसाठी राज्याच्या चाचण्याच नसल्यामुळे संशोधकांनी केआयपीपीच्या प्राथमिक शाळांच्या सोडतीतल्या मुलांची स्वतः चाचणी घेतली. २०१५ सालच्या त्या अहवालात वाचन आणि गणिताच्या चारपैकी तीन मापांवर सोडत जिंकलेली मुले पुढे होती.

सोडतीलाही मर्यादा आहेत. जिथे जागा रिकाम्या राहतात तिथे सोडत निघत नाही, त्यामुळे अशा अभ्यासांत लोकप्रिय शाळाच येतात. उरलेल्यांसाठी स्टॅनफर्डचे क्रेडो हे केंद्र प्रत्येक चार्टर विद्यार्थ्याला जुळणारी मुले आसपासच्या सरकारी शाळांतून शोधून तुलना करते. सोडतीइतकी ही रीत निर्दोष नाही, पण तिचा आवाका मोठा आहे. २००९ साली सोळा राज्यांच्या पाहणीत १७ टक्के चार्टर शाळा गणितात सरस, ३७ टक्के कमी आणि बाकीच्या तोडीस तोड निघाल्या. २०२३ पर्यंत सरासरी चार्टरच्या बाजूने थोडी झुकली होती, पण घरबसल्या ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळा फारच मागे होत्या. चार्टर हे लेबल पाहून शाळा निवडणे किंवा टाळणे, दोन्हीला यात आधार नाही.

शाळा लहान असेल तर आकड्यांचे हेलकावे वेगळेच फसवतात. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या पाचवीचे वाचनाचे निकाल पाहिले. १,६६२ शाळांपैकी पहिल्या पन्नासांत सर्वांत लहान पन्नास शाळांपैकी सहा होत्या. योगायोगाने एक-दोनच असायला हव्या होत्या. लहान शाळा चांगल्या, असा निष्कर्ष काढावा तर शेवटच्या पन्नासांत अशाच नऊ निघाल्या. पंचवीस मुलांची सरासरी शंभर मुलांच्या सरासरीपेक्षा दुप्पट डोलते. चार मुले त्या दिवशी तापाने फणफणली तरी शाळेचा क्रमांक हलतो. नव्या चार्टर शाळा बहुधा एक-दोन तुकड्यांच्या असतात, म्हणून त्यांचा एका वर्षाचा निकाल हाती धरूच नये. तीन वर्षांचे आकडे एकत्र करून पाहावेत.

मधूनच शाळा सोडून गेलेली मुले हा आणखी नाजूक विषय. काही चार्टर शाळा वरच्या वर्गांतली रिकामी जागा नव्या मुलाने भरत नाहीत. मागे पडणारी मुले हळूहळू गळत गेली आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, तर पाचवीचा निकाल आपोआप उजळतो. किंडरगार्टनला किती मुले होती आणि त्याच तुकडीतली पाचवीत किती उरली, हा प्रश्न शाळेला सरळ विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल वेगळे विचारावे. त्यांना निरोप देणारी शाळा माझ्या लेखी चांगली नाही, निकाल कितीही लखलखीत असो.

चांगल्या शाळेच्या आत नेमके काय वेगळे असते? विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांनी न्यूयॉर्कमधल्या चार्टर शाळांत जाऊन हे नोंदवले. वर्गातली पटसंख्या, दर मुलामागचा खर्च, शिक्षकांच्या पदव्या आणि परवाने, म्हणजे पालक सर्वांत आधी विचारतात त्या गोष्टींचा शाळेच्या परिणामाशी संबंध दिसला नाही. पाच गोष्टींचा दिसला: शिक्षकांना त्यांच्या शिकवण्यावर वारंवार अभिप्राय, मुलांच्या चाचण्या पाहून पुढचा पाठ ठरवणे, सहा किंवा त्याहून कमी मुलांच्या गटांत भरपूर शिकवणी, शिकण्याचा जास्त वेळ आणि मुलांकडून मोठ्या अपेक्षा. शाळाशाळांमधल्या फरकाचा ४५ टक्क्यांच्या आसपास भाग या पाचांनी उलगडला. हा सहसंबंध आहे, सिद्धता नव्हे. पण शाळा पाहायला जाणाऱ्याला यातून विचारायचे प्रश्न मिळतात. मुख्याध्यापक गेल्या महिन्यात किती वर्गांत जाऊन बसले? पहिलीत वाचनात अडखळणारे मूल कोणत्या आठवड्यात लक्षात येते, आणि त्यानंतर त्याच्याशी रोज कोण बसते?

चाचणीत न दिसणाऱ्या गोष्टींचेही मोल सापडले आहे. टेनेसीत १९८५ पासून साडेअकरा हजारांच्या आसपास मुलांना किंडरगार्टन ते तिसरीच्या वर्गांत चिठ्ठ्या टाकून वाटले होते. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्यांची सत्ताविशीतली कमाई तपासली. चांगल्या किंडरगार्टन वर्गाचा गुणांवरचा परिणाम आठवीपर्यंत विरून गेला होता, पण कमाईत तो पुन्हा वर आला. मधल्या काळात त्याची खूण गुणांत नव्हती. चिकाटी, पुढाकार, वर्गातले वागणे यांच्या नोंदींत ती टिकून होती.

आणि सोडतीच्या सगळ्या अभ्यासांतून निघणारी एक गोष्ट बाहेरगावी स्थिरावलेल्या आपल्या मंडळींनी खास लक्षात घ्यावी. २०१० साली पंधरा राज्यांतल्या ३६ चार्टर शाळांच्या सोडती तपासल्या, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आला. खोलात पाहिल्यावर मात्र गरीब घरांतल्या मुलांचा गणितात फायदा झालेला होता आणि सुस्थितीतल्यांचा झाला नव्हता, उलट काही ठिकाणी तोटा दिसला. मॅसॅच्युसेट्समध्येही शहरांतल्या चार्टर शाळांनी मोठी वाढ दाखवली, उपनगरांतल्यांनी नाही. याचे एक कारण असे की सोडत हुकलेले मूल हवेत लटकत नाही, ते जवळच्या सरकारी शाळेत जाते. ती शाळा दुबळी असेल तर चार्टरचा फायदा मोठा, ती भक्कम असेल तर थोडा किंवा काहीच नाही. त्यामुळे चार्टर शाळेचा अर्ज भरण्याआधी एक सकाळ पत्त्यानुसार मिळणाऱ्या सरकारी शाळेच्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसावे, आणि तेच प्रश्न तिथेही विचारावेत.